टाइमबाबूच्या रजिस्टरातली टिटवी

अन्याय झाला तो टिटवीवर. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. वेळ नक्की आहे, कारण ती ज्याने लिहून ठेवली त्याची वेळ आयुष्यात कधी चुकली नाही. बाकी बरंच चुकलं.

आमच्या वसाहतीच्या मागच्या फाटकापाशी मुरमाचं मोकळं मैदान आहे. त्या उघड्या मुरमावर टिटवीने चार अंडी घातली होती. मातकट, काळ्या ठिपक्यांची, चारही टोकं आत वळवून ठेवलेली. घरटं म्हणाल तर बाजूला सारलेले दहा-बारा खडे, बस. समितीच्या हुकमावरून माळ्याने ती चार अंडी घमेल्यात घेतली आणि कुंपणापलीकडे केळीच्या बागेत फेकली. नर-मादी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होते. समितीचे सचिव छत्री उघडून उभे होते. उन्हासाठी नाही, टिटवी टोचेल म्हणून.

आणि हे सगळं झालं पुराव्यावरून. टिटवी रात्री ओरडली की वसाहतीतलं माणूस जातं, ह्याचा लेखी पुरावा. तारीख, वेळ, सही, सगळं. तो पुरावा ज्याच्या रजिस्टरात सापडला त्या माणसाबद्दल मला लिहायचं आहे. अंडी घमेल्यात जात होती तेव्हा तो पन्नास पावलांवर खुर्चीत बसला होता. त्याने पेन काढलं, घड्याळ बघितलं आणि लिहिलं: ‘९.१०. अंडी चार. उचलली.’ उठला नाही. मी अजून चिडलेली आहे, तेव्हा त्याच्याबद्दल गोड लिहीन अशी आशा ठेवू नका.

आमची वसाहत म्हणजे कागदाच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्यांची. बऱ्हाणपूरच्या बाहेर, तापीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, तिन्ही बाजूंनी केळी. बहुतेक मंडळी महाराष्ट्रातून नोकरीला आली आणि इथलीच झाली. मुलं पुण्याला, इंदूरला, काही त्याहून लांब. फ्लॅट मुलांच्या नावावर, गुडघेदुखी आईवडिलांच्या नावावर. मी इथे आत्याकडे राहते. आत्या कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होती, आता तिला स्वतःलाच उठताना हात द्यावा लागतो. उरलेल्या वेळात मी पत्रकं वाटते. तापीतली वाळू, तुंबलेली नाली, बस स्टँडवरचा कायम कुलूप असलेला बायकांचा संडास. म्हणून त्या रजिस्टरवाल्याने मला कधी नावाने हाक मारली नाही. ‘पर्चेवाली’ म्हणायचा. सगळे त्याला टाइमबाबू म्हणत, मीही म्हणायचे.

तो कारखान्यात टाइमकीपर होता. गेटाजवळच्या खिडकीत बसून कोण आलं, कोण उशिरा आलं, कोण आलंच नाही, एवढंच त्याने जन्मभर लिहिलं. आत कागद बनतो हे त्याला बहुधा ऐकून माहीत असावं. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, बीपी मोजतात, सुनेला नावं ठेवतात. ह्याला ह्यातलं काही जमेना. हजेरी घ्यायला कोणी उरलं नाही म्हटल्यावर त्याने पक्ष्यांना कामावर घेतलं.

थट्टा करत नाही. पंपघराच्या सावलीत त्याची लोखंडी खुर्ची होती. मांडीवर आडवं लांबलचक रजिस्टर, खिशात चार रंगांचं पेन, खुर्चीच्या हाताला दोरीने बांधलेली लाकडी पट्टी. सकाळी सहाला पहिली पाळी सुरू. प्रत्येक पक्ष्याला टोकन नंबर. पंपाच्या पाइपावर बसणारा खंड्या सतरा नंबर. तारेवरचा कोतवाल बावीस. पाण्याच्या टाकीवरची घार तीन. साळुंक्यांच्या अख्ख्या टोळीला मिळून एकच नंबर, कारण ‘त्या ठेक्यावरच्या आहेत, त्यांना एक-एक कोण मोजतो?’

पक्ष्यांची नावं त्याला येत नव्हती असं नाही. नाव सांगणं त्याला आपल्या खात्याबाहेरचं वाटायचं. एका हिवाळ्यात इंदूरहून गळ्यात हातभर लांब कॅमेरे अडकवलेली मंडळी आली. त्यांतल्या एकाने पाण्याच्या डबक्यापाशी शेपूट हलवणारा पक्षी दाखवून विचारलं, “अंकल, ये कौन सा है?”

“ब-चार.”

“मतलब?”

“बदली. परमनंट नहीं है. नाम चाहिए तो पर्सनल डिपार्टमेंट में पूछो.” आणि मग चष्म्यावरून बघत, “आप लोगों का गेट पास?”

मंडळी हसली. त्याने गेट पास खरोखर मागितला होता. मिळाला नाही म्हणून त्या चौघांची नावंही त्याने रजिस्टरात लाल शाईने चढवली, धोबी पक्ष्याच्या खालीच.

हिवाळ्यात येणारे सगळे पक्षी त्याच्या लेखी बदली कामगार. धोबी ब-चार. त्याच्या खिडकीच्या गजावर येऊन थरथरणारा काळा-तांबडा थिरथिरा ब-सात. तापीच्या पात्रात उतरणारी चक्रवाकाची जोडी ब-एक आणि ब-दोन. त्यांच्यासाठी तो काठी टेकत नदीपर्यंत जायचा, दुरूनच दोन केशरी ठिपके बघायचा, ‘हजर’ लिहायचा आणि लगेच परत फिरायचा. मी एकदा सोबत गेले होते. थंडीत पाऊण तास चालून जेमतेम अर्धं मिनिट.

“टाइमबाबू, एवढं आलोय तर बघा की नीट. किती सुंदर आहेत.”

“सुंदर असल्याचा कॉलम नाही.”

असं बोलणं. कोणाला ते विनोदी वाटायचं, मला अंगावर यायचं. दुर्बीण नव्हती त्याच्याकडे. कोणाच्या तरी मुलाने आणून दिली तर त्याने परत केली. ‘मला त्याचं तोंड नाही बघायचं, आला का नाही तेवढं बघायचं.’ पक्ष्यांवरच थांबला असता तरी चाललं असतं. पण उत्तरेला आभाळाच्या कडेला असीरगड दिसतो, स्वच्छ दिवस असला तर. त्या गडाचीही हजेरी होती. पौषातल्या धुक्यात असीरगड सलग सहा दिवस गैरहजर, अशी नोंद मी स्वतः वाचली आहे. सातव्या दिवशी दिसला. शेरा: ‘उशिरा. १०.४०.’

फेब्रुवारीत भोरड्यांचे थवे येऊन सगळी सावर डोक्यावर घेत. त्याची तारांबळ उडायची. हजारोंची हजेरी एकटा कसा घेणार? ‘सामूहिक’ असं लिहून तो दिवसभर तोंड पाडून बसायचा. आषाढात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणी कामाला लागल्या की मात्र खूश. एकेका घरट्यापुढे हिरव्या शाईने ‘ओव्हरटाइम’. पावशा रात्री-अपरात्री ओरडतो म्हणून त्याला ‘पाळी सोडून काम’ असा लाल शेरा. आणि कोकिळेला तर त्याने कारणे दाखवा नोटीस काढली. समितीच्या नोटीस बोर्डावर, पाणीकपातीच्या सूचनेशेजारी, टाचणीने लावली:

‘टोकन क्र. ३१, कोकिळा. आपण टोकन क्र. ९ (कावळा) यांच्या घरट्यात स्वतःचे अंडे अनधिकृतपणे ठेवल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत लेखी खुलासा करावा. हुकमावरून.’

आठव्या दिवशी खाली ओळ आली: ‘खुलासा प्राप्त नाही. प्रकरण दप्तरी दाखल.’

वसाहत आठवडाभर हसली. फक्त सचिव हसले नाहीत. ते कारखान्याच्या खरेदी विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी ती नोटीस वाचली, मान हलवली आणि म्हणाले, “ड्राफ्टिंग चांगलं आहे.” तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे लोक कागदावर आलेलं काहीही खरं मानतात.

आत्या त्या नोटिशीला हसली खरी, पण ती त्याच्याशी बोलत नसे. कारण जुनं होतं. कारखान्यात असताना एकदा ड्यूटीवर येताना रस्त्यातच एका बाईचं पोट दुखायला लागलं आणि आत्याने तिला तिथेच, बैलगाडीच्या आडोशाला, बाळंत केलं. हात धुऊन गेटावर पोचली तर वीस मिनिटं उशीर. ह्याने लाल शाईने अर्धा दिवस मांडला.

“मी त्याले म्हटलं,” आत्या सांगते, “बाबू, माझ्या लुगड्याले अजून रक्त आहे, पाय. तर म्हणे, सिस्टर, दिसू राहिलं मले. पण वेळ तर झाली ना.”

अशा माणसाला काय म्हणायचं? त्याला दिसत होतं. वाईटही वाटत असेल. पण त्याच्या हातात होतं फक्त वेळ लिहिणं, आणि तेवढंच हातात आहे ह्याचा त्याला आधार वाटायचा. जबाबदारी टाळायची इतकी नीटनेटकी रीत मी दुसरी पाहिली नाही. सरकारी कचेऱ्यांत पाहिली आहे, पण तिथे हस्ताक्षर इतकं चांगलं नसतं.

माणसांचीही हजेरी तो घ्यायचा. संध्याकाळी बाकांवर कोण बसलं, कोण नाही. कोणी गेलं की त्या नावापुढे निळ्या शाईने ‘टोकन जमा’. कारखान्यात निवृत्त होताना पितळी टोकन परत करायचं असायचं, त्यावरून. आणि अंत्ययात्रेला मात्र तो कधीच गेला नाही. ‘टाइम ऑफिस बंद ठेवता येत नाही.’

आता टिटवीवर येते.

ती जोडी मैदानात बारा महिने असते. म्हाताऱ्यांच्या वसाहतीत टिटवी असणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. इथे प्रत्येकाला खात्री आहे की टिटवी ओरडली की कोणाला तरी बोलावणं आलं. ती ओरडली की सकाळी सगळ्यांचे फोन सगळ्यांना जातात. विचारायचं असतं एकच, पण विचारतात गॅस आला का.

गेल्या सहा महिन्यांत वसाहतीतली तीन माणसं रात्री गेली. तिसरी आत्याची मैत्रीण, शिवणकाम करणारी मावशी. आत्या आठ दिवस नीट जेवली नाही. तेव्हा सचिवांच्या डोक्यात आलं की टाइमबाबूचं रजिस्टर बघावं. आणि तिन्ही तारखांना त्यांना तेच सापडलं. वरच्या ओळीत: ‘टिटवी.’ खालच्या ओळीत: ‘टोकन जमा.’ सहा महिन्यांत टिटवीची रात्रीची नोंद तीनदाच. माणसं गेली तीच. तीनाला तीन.

चैत्रात हॉलमध्ये बैठक झाली. सचिवांनी उभं राहून तिन्ही नोंदी मोठ्याने वाचल्या.  आत्याने माझा हात धरला.

“टाइमबाबू,” सचिवांनी विचारलं, “ही नोंद तुमची?”

तो उभा राहिला. “माझी.”

“वेळ बरोबर?”

“वेळ बरोबर आहे.”

आणि खाली बसला. एवढंच. मी ओरडले की ह्यातून काहीही सिद्ध होत नाही. एक काका म्हणाले, “ताई, लिहिलेलं आहे.” ठराव पास झाला: टिटवीचं ठाणं उठवावं. आखाजीला वसाहतीतल्या बायकांनी लिंबाला झोके बांधले, गाणी म्हटली, पुरणपोळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी नऊ दहाला घमेलं आलं.

त्याच दुपारी मी मागच्या फाटकावर गेले. चौकीदार डोईफोडिया गावचा, वयाने ह्या लोकांच्याच बरोबरीचा, पण त्याला निवृत्ती नाही. मी विचारलं, रात्री टिटवी का ओरडते?

“रोज चिल्लाती है बेटी. कुत्ता आया, चिल्लाई. मैं मूतने उठा, चिल्लाई. गाड़ी आती है तब तो बहुत. लाइट सीधी उसी पे पड़ती है ना.”

“कौन सी गाड़ी?”

“अम्बुलन्स. और कौन सी गाड़ी आएगी रात को?”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अँब्युलन्स मागच्या फाटकाने का येते? कारण पुढच्या फाटकावर समितीने स्वागताची कमान बांधली आहे. दोन सिमेंटचे मोर, मधे ‘सुस्वागतम्’. तिची उंची अशी की खालून अँब्युलन्स जात नाही. तेव्हा मरणारं माणूस असेल तर गाडी अख्ख्या वसाहतीला वळसा घालून, मैदानावरून, टिटवीच्या अंगावरून येते. ह्यावर मी मागच्याच वर्षी पत्रक काढलं होतं. ते कोणी वाचलं नाही. टिटवीचं मात्र सगळ्यांनी ऐकलं.

मी चौकीदाराचं फाटकाचं रजिस्टर मागितलं. पहिली तारीख: अँब्युलन्स आत, २.०५. टाइमबाबूकडे: टिटवी, २.०७. दुसरी: १२.५०, १२.५१. मावशीची: ३.३०, ३.३२. तिन्ही वेळा आधी गाडी, मग टिटवी. मरणाला टिटवीने बोलावलं नव्हतं. मरणाच्या गाडीने टिटवीला उठवलं होतं.

दोन्ही रजिस्टरांच्या पानांचे फोटो घेऊन मी सचिवांकडे गेले. त्यांनी दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली. मनापासून वाचली, हे मान्य करते. मग चष्मा काढून म्हणाले, “ताई, हे फाटकाचं रजिस्टर. हे टाइमबाबूंचं. दोन वेगळ्या विभागांची रजिस्टरं अशी एकमेकांशी जुळवता येत नाहीत.”

मी म्हणाले, “का नाही येत?”

“प्रोसिजर नाही.”

तिथून मी तडक पंपघराशी गेले आणि टाइमबाबूला जे बोलायचं ते बोलले. म्हणाले, तुम्हाला माहीत होतं. रोज रात्री ती ओरडते हे तुम्हाला ऐकू येतं. मग तीनच वेळा का लिहिलं?

तो बराच वेळ पेनाचा खटका वरखाली करत राहिला. निळा, लाल, हिरवा, काळा.

“रोजचं लिहायचं नसतं, पर्चेवाली. रोजचं ते रोजचं. रात्री रजिस्टर उघडायचं ते काही वेगळं झालं तर. गाडी आली, मी उठलो, रजिस्टर उघडलं. तेवढ्यात ती ओरडली. कानावर पडलं ते लिहिलं.”

“मग बैठकीत सांगायचं ना तसं! तोंड नव्हतं?”

“वेळ बरोबर आहे का, एवढंच विचारलं मला.”

“आणि कारण?”

“कारणाचा कॉलम नाही माझ्याकडे.”

त्या क्षणी मला त्याचं रजिस्टर केळीच्या पाटात भिरकावून द्यावंसं वाटलं. त्याऐवजी मी दोन्ही पानांचे फोटो त्याच्यासमोर धरले. त्याने ते पाहिले. पुन्हा पाहिले. त्याचा चेहरा पडला, पण अंड्यांसाठी नाही. आपली नोंद कोणीतरी भलत्या अर्थाने वापरली, ह्याने तो दुखावला होता. जन्मभर कोणाकोणाचे अर्धे दिवस कापले त्याचं काही वाटलं नाही, आणि आता ह्याचं वाटलं. मी तेही बोलून दाखवलं. आत्याचं नाव घेऊन. तो उठला. खुर्ची उचलून घरी गेला. दुसरी पाळी संपायला अजून वेळ होता, तरी गेला. असं पूर्वी झालं नव्हतं.

टिटवी माणसांपेक्षा चिवट. तीनेक आठवड्यांत तिने त्याच मैदानात, दहा पावलं सरकून, पुन्हा अंडी घातली. आधी एक, मग दोन, मग चार. माझ्या आधी ते टाइमबाबूला कळलं. कारण एका सकाळी मी त्याला खुर्चीत पाहिलं तर तो पट्टी लावून रजिस्टराच्या प्रत्येक पानावर उभी रेघ ओढत होता. रेघेच्या डोक्यावर काळ्या शाईने लिहिलं होतं: कारण.

त्या दिवसापासून तो रात्रपाळीला बसायला लागला. ह्या वयात. अंगावर घोंगडी, पायात मोजे, मच्छर अगरबत्ती. सकाळी मी रजिस्टर वाचायला जायचे आणि हसू आवरत नसे.

‘११.२०. टिटवी. कारण: कुत्रा.’
‘१.४५. टिटवी. कारण: मुंगूस.’
‘२.१०. टिटवी. कारण: मी. लघवीस उठलो.’
‘४.००. टिटवी. कारण: कळले नाही.’

आणि पहाटे, प्रत्येक पानाच्या तळाशी, निळ्या शाईने: ‘वसाहत: सर्व हजर.’

एक रात्र झाली, पाच झाल्या, बारा झाल्या. टिटवी रोज ओरडली, कधी चारदा, कधी नऊदा. माणूस एकही गेलं नाही. मी पानांचे फोटो वसाहतीच्या ग्रुपवर टाकायला लागले. पहिल्या दिवशी हात जोडलेले बाहुले आले. सहाव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, ‘४.००चं कारण मी असेन, गॅलरीतला दिवा लावला होता.’ मग लोक कबुल्या द्यायला लागले. कोणाचा कुकर, कोणाचा टॉर्च. आत्या सकाळी उठल्या उठल्या विचारायची, “काय लिहिलं त्यानं? सगळे हजर का?” आणि एका संध्याकाळी तिने थर्मासमध्ये चहा भरून माझ्यापुढे ठेवला.

“कोणाला?”

“त्या टिटवीजवळ बसते ना कोणी, त्याले.”

“टाइमबाबूला?”

“मी नाव घेतलं का? बोलू नको, नेऊन दे.”

मी नेऊन दिला. त्याने थर्मासाकडे बघितलं, झाकणावरचं आत्याचं नाव वाचलं. कप भरला. मग म्हणाला, “सिस्टरला सांग, त्या दिवशी मुलगा झाला का मुलगी ते लिहायचं राहिलं होतं.”

मी आत्याला सांगितलं. ती पाठ फिरवून भांडी घासायला लागली. घासलेलीच होती. “मुलगी,” म्हणाली.

ह्याच दिवसांत समितीने दुसरा कागद काढला. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी मागच्या मैदानात फरशीचे ब्लॉक बसवायचे. रोलर, खडी, सिमेंट, पावसाळ्याआधी काम पुरं. टिटवीचा कागदात उल्लेखही नाही, इतके ते हुशार. संमती फ्लॅटमालकांची लागते, म्हणजे मुलांची. ती ग्रुपवर मागवली. पुण्यातून, इंदूरहून, विमानतळांवरून, मीटिंगमधून भराभर संमत्या आल्या. आईवडिलांना विचारून एकही आली नाही. मी दारोदार फिरले, तेव्हा निम्म्या घरांत कळलं की मुलाने काहीतरी ‘ओके’ केलंय, काय ते त्यांना माहीत नव्हतं.

टाइमबाबूच्या मुलानेही दिली. आणि सचिवांनी त्याला वेगळा फोनही केला. बाबा रात्रभर मैदानात बसतात, पक्ष्याच्या ओरडण्याची स्वतःच्या लघुशंकेसकट नोंद करतात, वयाचा भाग आहे, पण वसाहत जबाबदारी घेऊ शकत नाही. मुलगा वाईट नाही हो. रजा काढून गाडी घेऊन आला, बापाच्या पायाशी वाकला, म्हणाला, “बाबा, पुण्याला खूप झाडं आहेत सोसायटीत.” मी त्याला रजिस्टर दाखवायला गेले. त्याने दोन पानं उलटली आणि माझ्याकडे असं बघितलं की बघा, मी म्हणत नव्हतो?

टाइमबाबू भांडला असता तर मला आवडलं असतं. नाही भांडला. त्याने फक्त वेळ मागितली, कारण चार्ज दिल्याशिवाय खुर्ची सोडता येत नाही. मुलगा गाडीत बॅगा ठेवत होता आणि हा पंपघराशी बसून माझ्या नावाने चार्ज रिपोर्ट लिहीत होता. पहिल्यांदाच त्याने माझं पूर्ण नाव लिहिलं. ‘एक रजिस्टर. एक पट्टी. चार रंगांचे पेन एक, हिरवा रंग संपला आहे. अंडी चार.’

“सही कर.”

मी केली. लोकांच्या सह्या गोळा करत मी गावभर हिंडते. कोणी माझी सही अशी घेईल असं वाटलं नव्हतं.

“गेल्या वर्षी अंडी फुटायला अठ्ठावीस दिवस लागले होते,” तो म्हणाला. “मागच्या पानावर आहे. आज तेरावा.” गाडी मागच्या फाटकाने निघाली, कारण टपावर बॅगा बांधल्या होत्या आणि पुढची कमान लागली असती. टिटवी ओरडली. मी लिहिलं: ‘११.०५. कारण: टाइमबाबू गेले.’

ते नियमात बसतं की नाही, माहीत नाही. तेव्हापासून रात्रपाळी माझ्याकडे आहे. माझं अक्षर वाईट आहे आणि मला झोप येते. पुण्याहून रोज सकाळी सहाला फोन येतो. “वेळा सांग,” म्हणतो. मी वाचते. तो तिकडे कशावर तरी लिहून घेतो. मग विचारतो, “सर्व हजर?” आणि फोन ठेवतो. तब्येत कशी म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणे ते कोणत्या कॉलममध्ये लिहायचं.

आज एकविसावा दिवस आहे. रोलर सोमवारी येणार. सोमवार म्हणजे चोविसावा. पिल्लं अठ्ठाविसाव्याला निघतील आणि निघाल्यावर तासाभरात ती पायांनी चालत जातील, मग घाला खुशाल फरशी. मी समितीला चार दिवस मागितले. सचिव म्हणाले, मालकांची संमती आलेली आहे, आमच्या हातात काही नाही. हे वाक्य मी ओळखते.

म्हणून हे पत्रक फ्लॅटमालकांच्या नावाने काढते आहे. मालक तुम्ही आहात. तुमच्यातल्या कित्येकांचे आईवडील ह्या वसाहतीत राहतात, आणि तो ‘ओके’ तुमचा आहे. मैदानात काय आहे ते माहीत नव्हतं, ही सबब आता हे वाचून झाल्यावर चालणार नाही. फोन काढा. ग्रुप उघडा. लिहा: ‘माझी संमती मी मागे घेत आहे. पिल्लं निघेपर्यंत मैदानाला हात लावू नये.’ खाली स्वतःचं नाव आणि फ्लॅटचा नंबर टाका. रविवार संध्याकाळच्या आत.